पाच तास, एकवीस मिनिटे, दहा सेकंद

मार्च १८७० मध्ये जबलपूरला दोन रेल्वे कंपन्यांचे रूळ एकमेकांना जोडले गेले. पश्चिमेकडून आली जी. आय. पी. रेल्वे. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावलेली तिची गाडी थळघाट चढून, भुसावळ, खंडवा, इटारसी करत सतरा वर्षांनी इथे पोचली होती. पूर्वेकडून ईस्ट इंडियन रेल्वेची अलाहाबाद-जबलपूर शाखा १८६७ मध्येच येऊन थांबली होती. सोहळ्याला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो होते, राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ एडिंबरा होता. मुंबईत गाडीत बसलेला माणूस आता थेट हावड्याला उतरू शकत होता.

रूळ जुळले याचे श्रेय आधीच्या एका निर्णयाला होते. दोन रुळांमधले अंतर साडेपाच फूट असावे, हे गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळातच ठरले होते आणि दोन्ही कंपन्यांनी ते पाळले. घड्याळांचे मात्र असे काही ठरलेले नव्हते. मुंबई शहर ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे चालत होते, कोलकाता ५ तास ५३ मिनिटे. एका टोकाला दुपारचे बारा वाजले, की दुसऱ्या टोकाला एक वाजून गेलेला असे.

त्या काळच्या माणसाला यात काही विपरीत वाटत नव्हते. सूर्य डोक्यावर आला की मध्यान्ह, आणि तो प्रत्येक गावी आपल्या वेळेला येतो. रेखांशाचा एक अंश म्हणजे चार मिनिटे. पंचांग करणाऱ्यांना हा हिशेब तोंडपाठ होता. एका गावासाठी मांडलेले गणित दुसऱ्या गावी वापरायचे, तर रेखांतराचा संस्कार करावाच लागे. केरो लक्ष्मण छत्रे यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० मध्ये छापून आली, तेव्हाही गावोगावच्या वेळा वेगळ्या असणे हे गृहीतच होते. भोसल्यांच्या अमलापासून जबलपुरात राहिलेल्या मराठी घरांत जे पंचांग चाले, त्यातही ही दुरुस्ती करावी लागे. बैलगाडीने आठ दिवस प्रवास करणाऱ्याला दहा-वीस मिनिटांचा फरक जाणवतही नसे. एकाच रुळावरून समोरासमोर दोन गाड्या सोडणाऱ्याला मात्र एक मिनिटाचा फरकही जीवघेणा.

रेल्वेने मधला मार्ग काढला आणि तो शब्दशः मधला होता. मद्रासला कंपनी सरकारची १७९२ सालची वेधशाळा होती. ताऱ्यांच्या वेधावरून तिथे अचूक वेळ ठरे आणि तारेने ठिकठिकाणी कळवली जाई. मद्रासची वेळ ग्रीनिचच्या ५ तास २१ मिनिटे १० सेकंद पुढे, म्हणजे मुंबईहून अर्धा तास पुढे आणि कोलकात्याहून अर्ध्या तासाने मागे. दोन्ही महानगरांपैकी कोणाचाच मान दुखावला जाणार नाही, अशी ही जागा. १८७० च्या सुमारास हिंदुस्थानातल्या रेल्वेचे वेळापत्रक मद्रास टाइमवर स्थिरावले. शहराच्या घड्याळात एक वेळ आणि स्टेशनाच्या घड्याळात दुसरी, ही पद्धत पुढे पस्तीस वर्षे चालली.

आता नकाशा उघडून पाहावा. मद्रास समुद्राकाठी आणि जबलपूर तिथून हजारभर किलोमीटर उत्तरेला, विंध्य-सातपुड्याच्या कुशीत. तरी दोघांचे रेखांश जवळजवळ एकच आहेत. जबलपूर ७९ अंश ५७ मिनिटांवर, मद्रास ८० अंशांच्या किंचित पुढे. जबलपूरची स्वतःची सौरवेळ काढली तर ती ५ तास १९ मिनिटे ४८ सेकंद येते. म्हणजे मद्रास टाइममुळे मुंबईकराला अर्धा तास पुढे जावे लागले, कोलकातेकराला अर्धा तास मागे यावे लागले, आणि ज्या गावी दोन्ही रूळ भेटले त्या गावाला जेमतेम सव्वा मिनिटाची तडजोड पुरली. ज्या थोड्या स्टेशनांवर रेल्वेचे घड्याळ आणि डोक्यावरचा सूर्य जवळजवळ एकच वेळ सांगत होते, त्यांत जबलपूर होते.

ज्यूल व्हर्नने ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’ ही कादंबरी लिहिली ती याच जोडणीनंतर, १८७२-७३ मध्ये. कथेसाठी त्याने लोहमार्ग अलाहाबादेच्या अलीकडे अपुरा ठेवला आणि नायकाला हत्तीवर बसवले. त्या नायकाचा नोकर पासपार्तू सबंध प्रवासात आपले घड्याळ लंडनच्या वेळेवरून हलवायला तयार नसतो. व्हर्नला त्या काळाची खरी अडचण नेमकी दिसली होती.

मद्रास टाइमचा तो आकडा आजही जिवंत आहे. जबलपूरच्या एखाद्या कॉलेजात लिनक्सवर चालणारा संगणक असेल, तर त्याने आपली वेळ ज्या माहितीवरून ठरवली ती एका साध्या मजकुराच्या फाइलीतून आलेली असते. फाइलीचे नाव ‘एशिया’. तिच्यात कोलकात्याच्या नावाने एक छोटे टिपण आहे. पहिली ओळ सांगते : ५ तास ५३ मिनिटे २८ सेकंद, २८ जून १८५४ पर्यंत. दुसरी : ५ तास ५३ मिनिटे २० सेकंद, १८७० पर्यंत. तिसरी : ५ तास २१ मिनिटे १० सेकंद, १ जानेवारी १९०६ पर्यंत, आणि शेजारी शेरा, मद्रासची स्थानिक वेळ. दुसऱ्या ओळीपुढेही शेरा आहे, ‘हावडा मीन टाइम’, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. ज्याने ही ओळ लिहिली त्याला खात्री नव्हती आणि ती नसल्याचे त्याने तिथेच नोंदवून ठेवले. या प्रकल्पाचा स्वभाव त्या एका चिन्हात कळतो.

प्रकल्पाचे नाव टीझेड डेटाबेस. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करणाऱ्या आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८६ मध्ये तो सुरू केला. संगणकाने ‘आत्ता किती वाजले’ एवढे सांगणे सोपे असते. एखाद्या देशाने कोणत्या साली कोणत्या रविवारी घड्याळ पुढे केले, हे लक्षात ठेवणे अवघड. ओल्सन आणि त्यांचे सोबती ते टिपत राहिले. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पॉल एगर्ट यांनी मुख्य भार उचलला. खंड आणि शहर असे जोडनाव देण्याची पद्धत १९९३ च्या सुमारास आली. मूठभर स्वयंसेवक, हौसेने चालवलेला पत्रव्यवहार आणि एका मांडणीवर मावेल एवढा मजकूर, इतकाच हा पसारा. त्यावर फोन, बँकांचे सर्व्हर, विमानांची आरक्षणे उभी आहेत. २०११ मध्ये ज्योतिषाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने जुन्या वेळांच्या नोंदींवर हक्क सांगून दावा लावला, तेव्हा मूळ सर्व्हर बंद करावा लागला आणि इंटरनेटची नावे-क्रमांक सांभाळणाऱ्या आयकॅन संस्थेने प्रकल्प आपल्या छत्राखाली घेतला. पुढच्या वर्षी दावा मागे घेतला गेला.

वेळांच्या या वहीसोबत काही छोटे प्रोग्रॅमही असतात. डेव्हलपर त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. मोठे काम मुख्य प्रोग्रॅम करतो. फाइली तपासणे, एका साच्यातून दुसऱ्यात ओतणे, बांधाबांध करणे असली पडेल ती कामे या स्क्रिप्टा करतात. मंगलकार्यात मांडव कोणी घातला हे लक्षात राहते, पण पाटरांगोळी कोणी मांडली हे कोणी विचारत नाही, तशी त्यांची अवस्था. कोणीतरी एका संध्याकाळी आपली अडचण भागवायला दहा ओळी लिहितो आणि त्या ओळी तिथेच राहतात. पाच-सात जणांच्या प्रकल्पात तर हमखास राहतात, कारण त्या कोणाच्या आहेत हे पाच वर्षांनी सांगता येत नाही, आणि काढल्या तर कुठे काय कोसळेल हेही कळत नाही.

टीझेडमधली अशी एक स्क्रिप्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. तिचे नाव ‘इयर इज टाइप’, म्हणजे हे साल कोणत्या प्रकारचे. तिला साल आणि प्रकार द्यायचा आणि तिने होकार किंवा नकार द्यायचा. साल सम आहे का? विषम आहे का? अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे आहे का? हा शेवटचा प्रश्न घड्याळाच्या कामात आला त्याला कारण घडले होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मतदान आधी संपते आणि निकालाचे अंदाज टीव्हीवर झळकतात, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर लोक अजून रांगेत असतात. यावर उपाय म्हणून निवडणुकीच्या वर्षी पश्चिमेकडची उन्हाळी वेळ थोडी लांबवावी, असे विधेयक आले. ५ एप्रिल १९८९ रोजी प्रतिनिधिगृहाने ते २३८ विरुद्ध १५४ मतांनी मंजूर केले. ओल्सन यांनी तत्परतेने ‘पॅसिफिक न्यू’ नावाची फाइल तयार केली आणि निवडणुकीचे साल ओळखण्याचे काम त्या स्क्रिप्टेकडे दिले.

सिनेटने विधेयकाला हातच लावला नाही. कायदा झाला नाही, एकाही घड्याळाचा काटा त्याने हलला नाही. फाइल आणि स्क्रिप्ट मात्र राहिली. जगभरातल्या संगणकांवर वेळ निवडण्याच्या यादीत ‘पॅसिफिक न्यू’ हे नाव कित्येक वर्षे दिसत होते, आणि नावात ‘नवे’ असल्यामुळे तेच ताजे असावे असा समज होण्याची पुरेपूर सोय होती.

६ ऑक्टोबर २०२० च्या आवृत्तीत ही साफसफाई झाली. ‘पॅसिफिक न्यू’ गेली, ‘सिस्टम व्ही’ ही जुन्या युनिक्सच्या काळातली फाइल गेली, आणि ‘इयर इज टाइप’ स्क्रिप्टही गेली. एकतीस वर्षांनंतर. इतका उशीर का, असे वाचणाऱ्याच्या मनात येईल. पण दुसऱ्याच्या भरवशावर उभ्या असलेल्या वस्तूची आवराआवर अशीच करावी लागते. आधी ती निकामी झाल्याचे जाहीर करायचे, मग मुख्य प्रोग्रॅमला तिच्यावाचून चालायला शिकवायचे, मग वाट पाहायची. साल तपासायला मुख्य प्रोग्रॅमने दरवेळी बाहेरची स्क्रिप्ट हाक मारून बोलवावी, ही रचना संथ तर होतीच, सुरक्षेच्या दृष्टीनेही नको होती.

एक खूण तरीही मागे आहे. वेळेचा नियम लिहिताना प्रत्येक ओळीत ‘प्रकार’ असा एक रकाना असे. स्क्रिप्ट काढली तरी तो रकाना काढता आला नाही, कारण जगात इतरांनी लिहिलेले प्रोग्रॅम रकाने मोजून वाचतात. म्हणून आजही प्रत्येक नियमाच्या ओळीत त्या जागी नुसती आडवी रेघ घालतात. पाटी काढलेल्या दुकानाची चौकट जागेवर राहावी, तसे.

उलट प्रसंगही आला. २०१८ मध्ये आयर्लंडची नोंद कायद्याच्या शब्दांप्रमाणे दुरुस्त केली गेली. तिथल्या कायद्यानुसार उन्हाळ्यातली वेळ ही प्रमाण वेळ आणि हिवाळ्यात घड्याळ तासभर मागे. म्हणजे फरक अधिक नव्हे, वजा एक तास. नोंद बरोबर होती, पण जावा या संगणकभाषेच्या साधनांना वजा फरक वाचता येईना. तेव्हा एक नवी स्क्रिप्ट लिहिली गेली, जी तीच माहिती तीन साच्यांत ओतून देते : एक मुख्य, एक पुढच्या काळासाठी, एक मागे राहिलेल्यांसाठी. मिरजेच्या यार्डात एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही रूळ होते आणि माल एका डब्यातून दुसऱ्यात चढवावा लागे. ही स्क्रिप्ट त्या यार्डातल्या हमालाचे काम करते. आवरणे म्हणजे दरवेळी कमी करणे असे नसते. कधी योग्य जागी एक नवा हमाल नेमावा लागतो. या प्रकल्पाचे मोठेपण यात आहे की तो हमाल कशासाठी नेमला, हे त्याच फाइलीत लिहून ठेवलेले आहे.

रोजची शिस्तही तिथे पाहण्यासारखी आहे. मेकफाइल नावाच्या एका यादीत सगळ्या तपासण्या बांधलेल्या आहेत. एक हुकूम दिला की ओळीच्या शेवटी फालतू रिकामी जागा उरली का, नको ते अक्षर कुठे शिरले का, देशांच्या यादीतला प्रत्येक संकेत दुसऱ्या यादीत सापडतो का, जुन्या नावांचा क्रम बिघडला का, हे सगळे यंत्रच पाहते. कोणी कोणाला ‘तू घोटाळा केलास’ असे सांगायची वेळ येत नाही. हौशी मंडळींचा मेळ टिकवायला याचा फार उपयोग होतो.

या आवराआवरीत मुंबईचे काय झाले? डेटाबेसमध्ये ‘एशिया/मुंबई’ असे नाव नाही. नियम असा, की १९७० नंतर ज्या दोन जागांची घड्याळे कायम जुळत आली, त्यांना स्वतंत्र नोंद नाही. भारतभर १९७० नंतर साडेपाच तासांची एकच वेळ आहे, म्हणून सबंध देशाला कोलकात्याचे एक नाव पुरते. नियम वाजवी आहे. त्याशिवाय ही वही कधीच आवाक्यात राहिली नसती. पण मराठी वाचकाच्या मनात इथे कळ उठल्याशिवाय राहत नाही, कारण घड्याळासाठी मुंबई जितकी भांडली तितके देशातले दुसरे शहर भांडले नसेल.

१ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाण वेळ लागू झाली. तिची रेषा ८२ अंश ३० मिनिटांची, अलाहाबादच्या पूर्वेला मिर्झापूरजवळून जाते. जबलपूरच्या रेल्वे घड्याळाला त्यासाठी जेमतेम नऊ मिनिटे पुढे सरकावे लागले. मुंबईला एकोणचाळीस मिनिटे. गिरणीत पहाटे हजर होणाऱ्याला हा फरक थेट झोपेत मोजावा लागे. त्याच महिन्यात मुंबईच्या गिरणी कामगारांनी माग बंद ठेवले, दगडफेक झाली. वंगभंगाचा राग ताजा होता आणि कर्झनच्या राजवटीने वर घड्याळही बदलले, अशी भावना होती. महापालिकेने आपली घड्याळे पुन्हा मुंबई वेळेवर आणली आणि ती तशीच ठेवली. स्वातंत्र्य आले, कोलकात्याने १९४८ मध्ये आपली वेळ सोडली, मुंबईची मात्र १९५५ पर्यंत टिकली. जवळजवळ पन्नास वर्षे एकाच शहरात ‘बाँबे टाइम’ आणि ‘स्टँडर्ड टाइम’ विचारूनच भेटीची वेळ ठरवावी लागे.

१९५५ हे साल १९७० च्या आधीचे, त्यामुळे ते सगळे नोंदीच्या बाहेर गेले. संगणकाला १९३० सालच्या मुंबईत दुपारी किती वाजले होते असे विचारले, तर तो साडेपाच तासांचा हिशेब सांगेल आणि ते उत्तर शहराच्या कित्येक घड्याळांपुरते चुकीचे असेल. पण १९०६ च्या दंग्याचा उल्लेख त्या ‘एशिया’ फाइलीत आहे. यंत्र ज्या ओळी वाचत नाही, ज्यांच्या सुरुवातीला खुणेचे चिन्ह घालून माणसांसाठी टिपणे लिहितात, त्या ओळींत. कापसाच्या गिरण्या, कामगार, घड्याळांची लढाई हे सगळे तिथे आहे. नीटनेटकेपणाच्या नावाखाली कोणी ही टिपणे खोडली असती, तर एकही प्रोग्रॅम अडला नसता. त्यांनी ती ठेवली, म्हणून या प्रकल्पाविषयी आदर वाटतो.

युद्धकाळ मात्र यंत्र वाचते त्या ओळींतच आहे. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ भारताचे घड्याळ तासभर पुढे, साडेसहावर होते. १९४२ हेच जबलपूरच्या खमरिया दारूगोळा कारखान्याच्या स्थापनेचे साल. त्या तीन वर्षांत जबलपूरचा सूर्य डोक्यावर येई तेव्हा घड्याळात एक वाजून दहा मिनिटे झालेली असत.

नावांचीही आवराआवर झाली. कलकत्त्याचे अधिकृत नाव २००१ मध्ये कोलकाता झाले, डेटाबेसमध्ये ते २००८ मध्ये बदलले. जुने ‘एशिया/कॅलकटा’ टाकून दिले नाही. ‘बॅकवर्ड’ नावाच्या फाइलीत जुन्या नावांवरून नव्या नावांकडे जाणारे दुवे ठेवतात, त्यात त्याला जागा मिळाली. वीस वर्षांपूर्वी कोणी सर्व्हर उभा करून जुने नाव लिहिले असेल, तर तो आजही बरोबर वेळ दाखवतो. पत्ता बदलला तरी पोस्टमन ओळखतो, तशी ही व्यवस्था.

संचात आणखी एक स्क्रिप्ट आहे, ‘टीझेड सिलेक्ट’. नव्या संगणकाला वेळ लावताना ती माणसाला प्रश्न विचारते : खंड कोणता, देश कोणता. तिला अक्षांश-रेखांशही देता येतात. मग ती जवळच्या शहरांची यादी अंतराच्या क्रमाने समोर ठेवते. जबलपूरचे आकडे द्यावेत, २३ अंश १० मिनिटे उत्तर, ७९ अंश ५७ मिनिटे पूर्व. जबलपूरहून काठमांडू साडेसातशे किलोमीटरच्या आत आहे, कोलकाता साडेआठशेच्या पुढे. त्यामुळे यादीत पहिले नाव काठमांडूचे येते, जिथले घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे चालते. कोलकाता त्याच्या खाली. स्क्रिप्ट तिथे थांबते आणि क्रमांक विचारते.